मुक्ता की रेवा? (आणि गुरुजी म्हणतात 'ठ')

तळ्यातमळ्यात (मंगळवार, रात्री ३:१०)

एका हातावर मुलगी आहे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हे टाइप करतेय. शुद्धलेखन पोटात घाला.

आज तिला आठवा दिवस. शनिवारी बारसं. पाळणा आलाय, घुगऱ्यांचे हरभरे आणून झालेत, नणंदबाईंनी कानात कुर्र करायला रजा टाकलीय. नाव तेवढं नाही.

नऊ महिने यादी चालली होती. चाळिसावरून अकरा, अकरावरून दोन. मुक्ता आणि रेवा. मुक्ता माझं, रेवा नवऱ्याचं.

माझं कारण साधं आहे. लहानपणी आजी आळंदीच्या भावंडांची गोष्ट सांगायची. तिन्ही भावांची नावं माझी मागेपुढे व्हायची, धाकटीचं कधी चुकलं नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या भावाला बाहेर काढणारी ती. एवढीशी पोर, आणि चौदाशे वर्षांचा चांगदेव तिला गुरू मानतो, याची मला तेव्हा फार गंमत वाटायची. अजून वाटते.

नवऱ्याचं कारण म्हणजे त्याचे बाबा. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा केली, पायी. नदी कायम उजव्या हाताला, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची काठी अजून दारामागे उभी आहे. रेवाला नाही म्हणताना मला त्या काठीकडे बघवत नाही.

इथवर आमचं आम्ही निस्तरलं असतं. पण परवा सासूबाईंसमोर 'मुक्ता' म्हटलं आणि त्यांचा चेहराच उतरला. खूप विचारल्यावर म्हणाल्या, "नाव वाईट नाही गं. पण मला त्या नावाने हाक मारायला जमायचं नाही." त्यांची आत्या मुक्ता. सोळाव्या वर्षी विधवा होऊन वाईला भावाकडे परत आली, ती शेवटपर्यंत तिथेच. लाल आलवणातली.

त्यात गुरुजींनी पत्रिका पाठवली. हस्त नक्षत्र, चौथा चरण, अक्षर 'ठ'. नवरा हसून हसून खाली बसला.

तर सांगा. मुक्ता की रेवा? आणि ही नावं कानावर पडली की पहिल्यांदा काय आठवतं तेही सांगा. गोड गोड नको, खरं हवंय.

बटाटेभात

ठकूबाई! प्रश्न मिटला.

थट्टा नाही, माझ्या पणजीचं नाव होतं. तिची बहीण ठमाबाई. दोघी नव्वदी पार करून गेल्या. टिकाऊ अक्षर आहे.

झणझणीत

ठुमरी ठेवा. घरात गाणारं कुणी असेल तर अजूनच बरं.

खरं उत्तर: मुक्ता म्हटलं की मला मुक्त विद्यापीठ आठवतं. माफ करा, पण शाळेत हेच होणार. रेवा म्हटलं की भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रेवसची लाँच, आणि हल्लीच्या राजकारणामुळे रेवडी. माझ्या वर्गातल्या टवाळांनी दोन्ही नावांचा निकाल पहिल्या तासाला लावला असता.

सचिन_क्रमांक_तीन

टवाळांना नावाची गरज लागत नाही हो. आपल्या भाषेत '-या' नावाचं एक अवजार आहे, ते कशालाही लागतं. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, अगदी आजच्या अद्वैतचाही अद्व्या होतोच. मुलींना शेवटी 'ए' लावला की काम झालं. ए मुक्ते, ए रेवे.

माझा जन्म १९९३ चा, वर्गात आम्ही चार सचिन. मास्तरांनी नंबर दिले होते, मी तीन. आईबाबांना विचारलं, एवढं गर्दीतलं नाव का ठेवलंत? म्हणाले, त्या वेळी दुसरं काही सुचण्यासारखं होतं का? गंमत म्हणजे ज्याच्यावरून आम्ही चौघं सचिन, त्याचं नाव त्याच्या कवी वडिलांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं. म्हणजे माझ्या नावात क्रिकेट आहे आणि त्याच्या नावात गाणं. मला ना हे येतं ना ते.

मत: रेवा. सुटसुटीत.

शास्त्री_नव्हे

'ठ'वर घाबरू नका. ते अक्षर अवकहडा चक्रातून येतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरं. आर्द्रेच्या वाट्याला 'ङ' येतो आणि उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला 'ञ'. आता 'ङ'वरून नाव कुणी ठेवून दाखवावं! तुमच्या लेकीच्याच नक्षत्राची चार अक्षरं 'पू ष ण ठ' अशी आहेत. थोडक्यात निसटलं, तिसऱ्या चरणात जन्मली असती तर 'ण' आला असता.

जुन्या पद्धतीत नक्षत्रनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं. शिवाय कुलदेवतेवरून एक आणि महिन्यावरून एक. चार नावं असायची, हाक एकाच नावाने. पत्रिकेतलं पत्रिकेत राहू द्या.

आता शास्त्रच काढायचं तर पूर्ण काढू. गृह्यसूत्रं सांगतात की मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत आणि मुलीच्या नावात विषम. मुक्ता दोन, रेवा दोन, दोन्ही नापास. आणि मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करून घेऊ नये असं आहे. म्हणजे रेवा दोनदा नापास.

फळाखडू

शास्त्रीबुवा, मग आपल्या आज्या कशा उजवल्या? गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, सिंधू, नर्मदा. माझ्या आजोळच्या वाड्यात एका वेळी पाच नद्या स्वयंपाक करत होत्या. मनूचं ऐकलं असतं तर निम्मा महाराष्ट्र जन्मालाच आला नसता.

शास्त्री_नव्हे

म्हणूनच तर सांगितलं. :)

म्युनिकची_मावशी

बाहेरगावी जायचा विचार असेल तर दोन गोष्टी. इथे 'जे'चा उच्चार 'य' करतात. माझ्या भाचीचं नाव जुई, ती बालवाडीत तीन वर्षं 'युई' होती. आणि 'व्ही'चा बऱ्याचदा 'फ'. इथल्या ईव्हा बायकांना 'एफा' म्हणतात, त्या चालीवर रेवाची रेफा होईल. व्याकरणाच्या पुस्तकातून पळून आल्यासारखी.

मुक्ता म्हणता येतं त्यांना. फक्त लाडाने मुक्की म्हणू नका, इथे त्याच्या अगदी जवळचा शब्द म्हणजे डास.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्याकडं नाव निवडायले दोन तरी हायेत. आमच्या घरी माहा आजा गजानन, काका गजानन, मामेभाऊ गजानन. शेगाव जवळ, मंग दुसरं सुचणार कसं? लग्नात कोनी "गजाननराव" म्हनून आवाज देल्ला की अर्धा मांडव वळून पाहाते.

मुक्ता ठेवा ताई. आमच्या इकडून मुक्ताईची पालखी जाते पंढरपुरले, मुक्ताईनगरहून. नाव घेतलं की मले तर ते टाळच ऐकू येते.

शब्दवेडा

दोन्ही नावांना अर्थ आहे याबद्दल आधी अभिनंदन. मुक्ता म्हणजे मोती, आणि मोकळी झालेलीही. रेवाच्या मुळाशी उड्या मारत जाण्याचा धातू आहे. अमरकंटकपासून खडकांवरून आदळत निघालेल्या नदीला याहून नेमकं नाव नाही.

नाहीतर हल्ली काय चाललंय! रियांश, कियान, वियान. अर्थ विचारला की इंटरनेटवरची यादी दाखवतात, तिथे प्रत्येक नावाचा अर्थ 'देवाची देणगी' किंवा 'सूर्याचा पहिला किरण'. शेजाऱ्यांनी नातवाचं नाव हौसेने अनय ठेवलं. संस्कृतात नय म्हणजे नीती आणि अनय म्हणजे तिचा अभाव. त्यांना सांगायचा धीर झाला नाही. मुलगा गोड आहे.

पारिजात

शब्दवेडा, नाही सांगितलंत ते बरं केलंत. तो राधेच्या नवऱ्याच्या नावावरूनही असेल. आणि खरं सांगू का, अर्थ कोण ऐकतं? हाक मारताना तोंडाला कसं लागतं ते ऐकतात. माझ्या आजोबांचं नाव केरबा. अर्थ तर घरातल्या प्रत्येकाला माहीत होता.

शब्दवेडा

केरबा, दगडू, धोंडू ही नावं अर्थ माहीत असूनच ठेवलेली असत. आधीची मुलं दगावलेली असली की हे मूल कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. तिथे अर्थाचं कामच होतं. माझा राग बिनअर्थावर आहे, वाईट अर्थावर नाही.

फळाखडू

वाईट अर्थावर राग नाही म्हणालात म्हणून लिहिते. मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. पटावर नकुशा असायच्या. 'नकुसा', 'नकोशी'. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगी झाली की हे नाव, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. हजेरी घेताना रोज सकाळी मी एका सात वर्षांच्या पोरीला 'नको असलेली' म्हणून हाक मारायची आणि तिने हात वर करून 'हजर' म्हणायचं. पहिल्या वर्षी माझा आवाज अडखळायचा. चौथ्या वर्षी अडखळेनासा झाला. त्याची लाज आजही वाटते.

ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यात कार्यक्रम झाला, २८५ मुलींना नवी नावं मिळाली. पुष्कळ जणींनी आपलं नाव स्वतः निवडलं. कुणी नट्यांची घेतली, कुणी देवींची. त्या वेळी काही शहाणे म्हणाले, नटीचं नाव कशाला? मी म्हटलं, तिला जे हवंसं वाटतं ते. 'हवंसं' एवढाच निकष होता तेव्हा.

तळ्यातमळ्यात, तुमच्या लेकीला दोन-दोन नावं घेऊन माणसं भांडतायत. भांडू द्या.

पिंपळपान

फळाखडू ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मुक्ता म्हटलं की आमच्या घरात आळंदीच्या आधी मुक्ता साळवे आठवते. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. तिने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला आणि आमचा धर्म कोणता ते सांगा, असं उघड विचारलं. शाळकरी वयात.

माझ्या पणजोबांचं नाव कचरू. इथे वर म्हटलंय तसं नजर लागू नये म्हणूनही असेल, पण आमच्या वस्तीत अशी नावं जरा जास्तच होती, आणि गावात त्यापुढे कधी 'राव' किंवा 'जी' लागायचा नाही. आजोबा १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर होते. त्यानंतर घरात जन्मलेल्या मुलांची नावं बघा. मिलिंद, सुजाता, राहुल, संघमित्रा. एका पिढीत कचरूचा मिलिंद झाला. आमच्याकडे नाव ठेवणं हा हौसेचा भाग कधीच नव्हता.

आता उलटी बाजू. मुलाच्या वेळी आमच्याही यादीत शेवटी दोनच नावं उरली होती, कबीर आणि प्रबुद्ध. त्याच महिन्यात आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका मालकांनी फोनवर सगळं ठरवलं, मग पूर्ण नाव विचारलं आणि संध्याकाळी घर 'नातेवाइकांना दिलं'. मी बायकोला म्हटलं, कबीर ठेवू, निदान पटकन कळणार तरी नाही. ती म्हणाली, "म्हणजे भाड्याच्या घरासाठी पोराचं नाव ठेवायचं?" प्रबुद्ध पाच वर्षांचा आहे आता. जोडाक्षर नीट म्हणतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मुक्ता. पण सासूबाईंचं दुखणं खरं आहे, ते वगळून नका ठेवू.

झणझणीत

पिंपळपान, यावर थट्टा सुचत नाही. +१ प्रबुद्धला.

पोफळीवाले

नाव गोड असून भागत नाही, हे खरं. सुनेने नातवासाठी 'निसर्ग' सुचवलं, २०२१ ची गोष्ट. आम्ही केळशीचे. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जूनला, निसर्ग नावाचंच वादळ अंगावरून गेलेलं. माझ्या वडिलांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. कौलं पत्त्यांसारखी उडताना मी माजघरातून बघत होतो. सुनेला म्हटलं, बाळ, तू मुंबईची, तुला या नावात झाडं दिसतात. मला पडलेली झाडं दिसतात.

तिने ऐकलं. ईशान ठेवला. पण मला नंतर वाईट वाटलं, की माझ्या वादळापायी तिचं आवडतं नाव गेलं. सासूबाईंना हेही विचारा, की नाव ठेवलं तर त्या रागावतील की नुसत्या गप्प होतील. दोन्हींत फरक आहे.

एकेकाळची_मुक्ता

मी इथे फक्त वाचते. आज लिहायला बसले, कारण माझंच नाव चर्चेत आहे.

मी एकवीस वर्षं मुक्ता होते. १९७८ ला लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले होते, यजमानांच्या हातात अंगठी दिली आणि त्यांनी तांदळात 'स्मिता' लिहिलं. त्यांचं नाव सुहास, म्हणून जोडी छान जुळते असं सगळे म्हणाले. कुणी वाईट हेतूने केलं नाही. मला आधी विचारलंही होतं, म्हणजे सांगितलं होतं. मी लाजून हसले, तोच होकार धरला.

शाळेचा दाखला मुक्ताचा, रेशनकार्ड स्मिताचं. बँकेत, पेन्शनीच्या कागदांत, या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. राजपत्रात नाव छापून आणलं तेव्हा कुठे सुटले. पण तो त्रास मोठा नव्हे. माहेरी जायचे तेव्हा आई फाटकातूनच 'मुक्ते' म्हणून हाक मारायची आणि मला दोन क्षण कळायचंच नाही की ही मला हाक आहे. ते लागायचं.

आता मला मुक्ता म्हणणारा एकच माणूस उरलाय, धाकटा भाऊ. तो बडोद्याला असतो. दर रविवारी फोन करतो.

तुमच्या सासूबाईंच्या आत्याबद्दल एक विचारू? तिचं काय झालं ते तुम्ही लिहिलंत. ती कशी होती ते विचारलंत का कुणी?

पारिजात

ताई, आजपासून इथे तुम्ही मुक्ताताई. आम्ही सगळे म्हणणार.

सचिन_क्रमांक_तीन

मुक्ताताई, +१. माझं मत मागे घेतो. मुक्ता.

निवृत्त_लिपिक

भावना समजल्या. कामाचं सांगतो, जन्म-मृत्यू नोंदणीत बरीच वर्षं काढली आहेत.

शनिवारपर्यंत ठरलंच पाहिजे असं काही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नावाचा रकाना कोरा ठेवून ती करता येते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र एकदा घातलेलं नाव बदलायचं तर दमछाक होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला मुख्य पुरावा आहे. तेव्हा पाळण्यात वाटेल ते म्हणा, अर्जावर लिहिताना थांबा.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यामुळे नाव निवडताना पुढे स्वतःचंही नाव लावून मोठ्याने म्हणून बघा. पुष्कळ जण हे विसरतात.

बटाटेभात

लिपिक काका म्हणजे देवमाणूस.

माझ्या धाकट्याचं नाव श्री आहे. निवडताना आम्ही आजी-आजोबा, पत्रिका, अर्थ, परदेशी उच्चार सगळं पाहिलं. जेवायला ये म्हणून हाक मारली की नवऱ्याचा फोन उत्तर देतो, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

तळ्यातमळ्यात (गुरुवार, पहाटे ४:२५)

सगळे प्रतिसाद वाचले. काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. मुक्ताताई, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा सासूबाईंना विचारला. त्या बाळाला तेल लावत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग सांगायला लागल्या. मुक्ताआत्या पत्त्यांत लबाडी करायची. दुपारी सगळे निजले की भावाचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची आणि घडी होती तशी करून ठेवायची. आणि पोहायची. वाईच्या घाटावर कृष्णेला पाणी आलं की पहाटे, कुणी नसताना. घरातल्या सगळ्या पोरांना तिने पोहायला शिकवलं, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. सासूबाईंनाही. "डबा कधी सोडला ते कळूच द्यायची नाही. मी रडत हात मारत होते आणि डबा तिच्या हातात." हे सांगताना त्या हसत होत्या. चार वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

म्हणाल्या, "पाण्यात असली की ते नाव तिला शोभायचं. काठावर आली की नाही."

हे ऐकून नवरा म्हणाला, बघ, नदीच निघाली, मग रेवा काय वाईट? त्यावर सासूबाई जे बोलल्या ते आम्हाला दोघांनाही नवीन होतं. "तुमच्या बाबांची ती परिक्रमा तुम्हाला कौतुकाची. मला ती नदी म्हणजे पाच महिने. तू बंगलोरला, ताई सासरी. मी, बंद पडलेली मोटर आणि गुडघे. फोन आठवड्यातून एकदा, तोही 'नर्मदे हर' म्हणून सुरू आणि तसाच संपायचा. मी काय म्हणत होते कुणाला ऐकू आलं?"

नवरा गप्प झाला. दारामागच्या काठीकडे त्यानेही पाहिलं नाही.

म्हणजे ज्या नावाला मी एवढे दिवस सासूबाईंचं माप लावत होते, ते त्यांना जड, आणि ज्याला नव्हते लावत तेही जडच. आता काय करू?

पोफळीवाले

काही करू नका. त्या बोलल्या ना.

वऱ्हाडी_ठेचा

पाच महिने! आमची आई तर काठीच मोडून टाकती.

फळाखडू

डबा कधी सोडला ते कळू द्यायची नाही. काय बाई होती!

शास्त्री_नव्हे

इतिहासात हा घोळ नवा नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही हीही रीत. मग पोराला हाक कशी मारणार? म्हणून घरोघर नाना, अप्पा, भाऊ, बाळ. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी, पण ओळखला गेला नानासाहेब म्हणून. टिळकांचं नाव केशव, पण देशभर झालं ते 'बाळ'. कागदावर काहीही ठेवा, घर आपलं नाव शोधतंच.

तळ्यातमळ्यात (रविवार, रात्री ११:४०)

बारसं झालं. अहवाल देते, मग झोपते.

पाळण्याखालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. नणंदबाईंनी कानात कुर्र केलं आणि आधी हळूच रेवा म्हणाल्या. हे मागाहून कळलं, भावाने लाच दिली होती म्हणे. मग मोठ्याने मुक्ता. पाठीत गुद्दे दोन्ही नावांचे मिळाले.

मुक्ता कसं ठरलं? आम्ही ठरवलंच नाही. शुक्रवारी रात्री सासूबाई पाळणा सजवत होत्या. पुठ्ठ्यावर अक्षरं कापून चिकटवायची म्हणून मी विचारलं, काय कापू? त्यांनी वर न बघता सांगितलं, "काप, मु." मी 'मु' कापला. हात कापत होता म्हणून वेलांटी... नाही, उकार, उकार वाकडा आलाय. (झोप.)

पण खरी बातमी वेगळीच. 'ठ'च्या थट्टेपायी नवरा पहिल्या दिवसापासून तिला ठकू म्हणत होता. मग मी म्हणायला लागले. काल बघते तर सासूबाईही. आज दुपारी पाहुण्यांनी विचारलं, नाव काय ठेवलं, आणि त्या पटकन म्हणाल्या, "ठकू." मग जीभ चावून, "म्हणजे मुक्ता."

गुरुजी फार खूश आहेत.

बटाटेभात

मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं होतं!! नोंद घ्यावी. पणजीतर्फे घुगऱ्या पाठवा.

एकेकाळची_मुक्ता

ठकूला खूप आशीर्वाद. भावाला आज फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, कुठली मुक्ता? मी म्हटलं, नवीन आलीय.

झणझणीत

मुक्त विद्यापीठाची थट्टा मागे घेत आहे. ठकूवर मात्र टवाळांकडे भरपूर साहित्य आहे, तयारीत राहा.

निवृत्त_लिपिक

अभिनंदन. दाखला हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी इंग्रजी स्पेलिंग तपासा. 'के'च्या जागी 'सी' पडतो, किंवा शेवटचा 'ए' राहून जातो आणि मुक्ताची मुक्त होते. आईच्या नावाचं स्पेलिंगही बघा, ते तुमच्या आधारकार्डाशी जुळलं पाहिजे. आणि दोन प्रती जास्तीच्या घ्या.